रबरी चटयांची तरतूद

"आता या फडक्यालाच फडकं मारायची वेळ आलीय," वहिनी खिडकीची चौकट पुसता पुसता पुटपुटत होती. "सकाळी पुसा, दुपारी पुसा. आणि विचारलं तर म्हणे, खाण अजून व्हायचीय. व्हायच्या आधी ही तऱ्हा, मग झाल्यावर काय घर धुवायला बंब बोलवायचा?"

ती हे कुणाला उद्देशून बोलत नव्हती. निदान तसं दाखवत तरी होती. स्वयंपाकघर एवढंसं, त्यात मधोमध टेबल, आणि टेबलाशी तिची धाकटी नणंद चहाच्या कपावर बशी झाकून बसलेली. इतक्या जवळची कुरकुर ऐकू न येण्यासाठी माणूस एकतर बहिरा असावा लागतो, नाहीतर सरकारी अधिकारी. धाकटी बहिरी नव्हती.

घरात तिला सगळे धाकटीच म्हणत. ऑफिसात ती मॅडम होती. खाणींना परवानगी द्यायची की नाही हे ठरवणारं ते ऑफिस. आज गावच्या सभागृहात टेकडीवरच्या प्रस्तावित खाणीची जनसुनावणी होती आणि अध्यक्षस्थानी होती मॅडम. जनसुनावणी म्हणजे काय, तर इथं खाण काढली तर चालेल का असं लोकांना अगदी अदबीनं विचारायचं, लोक काय सांगतील ते अक्षर न अक्षर लिहून घ्यायचं, आणि मग जे ठरलेलंच आहे ते नव्यानं ठरवायचं.

या खाणीच्या बाबतीत अडचण एकच होती. ती बऱ्याच दिवसांपासून चालू होती.

टेकडीची मागची बाजू केव्हाच नाहीशी झाली होती. पुढची बाजू तेवढी शाबूत ठेवली होती, अहवालातल्या फोटोसाठी. कंपनीचं म्हणणं असं की खाण वगैरे काही नाही, आम्ही नुसती चाचणी घेतोय, नमुन्यापुरती माती काढून बघतोय. नमुने ट्रकांतून जात. ट्रक रांगेनं जात. गावानं या सगळ्याशी जुळवून घेतलं होतं. कुणाचा भाऊ तिकडं कामाला, कुणाचा ट्रक, कुणाचं तिथं कॅन्टीन. त्यामुळे बोलताना प्रत्येक जण न चुकता 'प्रस्तावित' म्हणायचा, जसं एखाद्या घरातल्या पळून गेलेल्या मुलाला सगळे 'परगावी असतो' म्हणतात.

धाकटीनंही म्हटलंच होतं. अध्यक्षानं सुनावणीआधी एक कागद भरून द्यायचा असतो: या प्रकल्पात आपला कुणी नातेवाईक कामाला आहे का? तिनं लिहिलं, नाही. आणि ते खोटं कसं म्हणणार? जो प्रकल्पच अजून नाही, त्यात नातेवाईक कुठून येणार?

नातेवाईक पलीकडच्या खोलीत, पाय उशीवर ठेवून, दाढी करत बसला होता.

"ताई," वहिनीनं फडकं झटकलं, तेही जरा जोरातच, "आज होईल ना हो?"

"सुनावणी होईल."

"सुनावणी नव्हे. मंजुरी."

"वहिनी, ती काय आज हातात मिळते? आज फक्त लोकांचं ऐकून घ्यायचं."

"लोक काय सांगणारेत? लोक सगळे तिथंच तर..." वहिनी थांबली. खिडकीकडं वळून पुन्हा पुसू लागली. "लोकांना हवीच आहे म्हणते मी."

वहिनीला घाई होती, आणि तिची घाई चुकीची नव्हती. दादा, म्हणजे धाकटीचा थोरला भाऊ, त्या नसलेल्या खाणीत लोडर चालवायचा. पावसाळ्यानंतर तिथली एक भिंत कलली. कललीय, कललीय असं सगळेच म्हणत होते. पण जी खाण नाही तिची भिंत पाडायला माणसं कुठल्या हिशोबात दाखवायची? शेवटी तिची तीच आली, लोडरच्या केबिनवर. दादाचा पाय आत अडकला.

कंपनीच्या मॅनेजरनं त्याला स्वतःच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. फार माया दाखवली. वाटेत दादा जेवढा वेळ शुद्धीवर होता तेवढ्या वेळात त्याच्याकडून पाठही करून घेतलं: "मी बाथरूममध्ये घसरलो." दादानं ते इतकं छान पाठ केलं, की भूल उतरताना बायकोचं नाव घेण्याआधी त्यानं तेच सांगितलं.

आता त्यांच्या घरचं बाथरूम असं, की आत उभं राहिलं तरी दोन्ही भिंतींना खांदे लागतात. त्यात घसरून पडायचं म्हटलं तर आधी बाहेर यावं लागेल. पण डॉक्टरांनी लिहून घेतलं. गावातले आणखी काही जणही असेच बाथरूममध्ये घसरलेले होते. डॉक्टरांना सवय झाली होती.

हाड वाकडं जुळलं होतं. ते उघडून आत धातूची पट्टी बसवायला हवी, नाहीतर हा माणूस जन्मभर लंगडेल आणि लोडरवर चढणं विसराच, असं मोठ्या दवाखान्यानं सांगितलं होतं. पट्टीसाठी विमा हवा, विम्यासाठी अपघात हवा, आणि अपघातासाठी खाण हवी. मॅनेजरनं त्यावरही तोडगा काढला होता. मंजुरी येऊ दे, तो म्हणाला, की लगेच तुझं नाव हजेरीवर चढवतो, आणि जरा स्थिरस्थावर झालं की तुझा अपघात दाखवू. अगदी रीतसर. पंचनाम्यासकट.

म्हणजे दादाचा पाय मोडून बसला होता, पण मोडायची परवानगी अजून यायची होती. आणि ती परवानगी त्याच्या धाकट्या बहिणीच्या टेबलावरून जाणार होती.

"धाकटे, ये गं इकडं," दादानं हाक मारली.

त्याचा अर्धा गाल फेसात होता. पलंगाला कुबड्या टेकवलेल्या. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर.

"तू कुठं निघालास?"

"तुझ्याच सुनावणीला. मॅनेजर गाडी पाठवतोय. स्थानिक रहिवासी म्हणून बोलायचंय मला."

"काय बोलणारेस?"

"प्रकल्प आला पाहिजे. आम्हाला रोजगार मिळेल."

"तुला तर मिळाला की रोजगार. पायापर्यंत मिळाला."

दादा हसला. हसताना वस्तरा गालापासून दूर धरला, एवढं भान त्याला नेहमी असायचं. मग म्हणाला, "एक ऐक. तिथं मला पायाचं विचारू नकोस."

"मला विचारावंच लागतं, दादा. जो बोलायला उठतो त्याला..."

"बाकीच्यांना विचार. मॅनेजरनं विचारलं, डॉक्टरनं विचारलं, मी खुशाल सांगितलं बाथरूम. तू विचारलंस तर मला जमणार नाही."

ते खरं होतं. लहानपणी घरात काही फुटलं की आई दोघांना समोर उभं करायची. दादा बिनदिक्कत मांजराचं नाव घ्यायचा. घरात मांजर नव्हतं. आई कंटाळून निघून गेली की धाकटी विचारायची, "दादा, कुणी फोडलं रे?" आणि तो लगेच सांगायचा, "मी." का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. तिच्यासमोर त्याला मांजर सुचायचंच नाही.

"आणि कुणी दुसरंच बोललं तर?" धाकटी म्हणाली. "खाण आधीपासून चालू आहे एवढं एक वाक्य नोंदलं गेलं, की फाइल सरळ नियमभंगात जाते. काम बंद. मग तुझी हजेरी नाही, अपघात नाही, पट्टी नाही. वर्षानुवर्षं भांडत बसायचं."

"म्हणूनच सांगतोय ना बाई. विचारू नकोस."

त्यानं उरलेल्या गालावर वस्तरा फिरवला. धाकटी उठली. दारात वहिनी फडकं घेऊन उभी होती, आणि तिनं काहीही ऐकलेलं नव्हतं.

सभागृहात मंचावर हिरवं कापड अंथरलं होतं. शिपायानं ते दोनदा झटकलं होतं, तरी लेखनिकानं बसल्या बसल्या त्यावर बोटानं एक झाड काढलं. हा लेखनिक निवृत्तीला आलेला, अक्षर सुरेख, मत कशावरच नाही. खालच्या खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत मॅनेजर, कोऱ्या करकरीत जाकिटात. त्याच्या शेजारी दादा, कुबड्या मांडीवर आडव्या. मागच्या रांगेत वहिनी, आणि तिच्याजवळ शेजारीण, अंगानं बारीक, लग्नाला फार दिवस न झालेली.

आधी सल्लागार उठला. कंपनीनं नेमलेला, पर्यावरणाचा अहवाल लिहिणारा हा गृहस्थ. खाण आली तर काय होईल हे तो सांगणार होता, आणि त्यासाठी खाण येण्याआधी इथं काय आहे हे त्यानं मोजून आणलं होतं. आता, चालू खाणीच्या शेजारी बसून खाणीआधीची हवा मोजायची म्हणजे कसबाचं काम. पण माणूस कसबी होता. धुळीचं यंत्र नियमाप्रमाणे मोकळ्या जागी ठेवायचं असतं. त्यानं ते डोंगरापलीकडच्या तलावात, नावेवर, मधोमध नेऊन ठेवलं. हवा उत्तम निघाली. एका दिवशी आकडा जरासा वर गेला होता तो नावाड्याच्या विडीमुळे, आणि त्याबद्दल अहवालात तळटीप देऊन दिलगिरी व्यक्त केली होती. आवाज त्यानं सुट्टीच्या दिवशी मोजला. पाखरांचा किलबिलाट जरा जास्त भरला, पण मर्यादेत होता.

"आरोग्याच्या बाबतीत," सल्लागारानं पान उलटलं, "एक गोष्ट प्रकर्षानं आढळली. या परिसरात स्नानगृहात घसरून पडण्याचं प्रमाण लक्षणीय आहे. विशेषतः कामकरी वयाच्या पुरुषांमध्ये."

पहिल्या रांगेत दादानं मांडीवरच्या कुबड्या जरा सरळ केल्या.

"कंपनीनं याची गंभीर दखल घेतली आहे. सामाजिक जबाबदारी म्हणून प्रत्येक कुटुंबाला स्नानगृहासाठी एक रबरी चटई मोफत देण्याची तरतूद केलेली आहे." त्यानं टेबलाखालून एक निळी चटई काढून उंच धरली. "दोन्ही बाजूंनी खरबरीत."

टाळ्या झाल्या. मॅनेजरनं सुरू केल्या होत्या, त्यामुळे बऱ्यापैकी झाल्या.

मग एकेक जण उठू लागला. वाणी म्हणाला, प्रस्तावित खाण आली की धंदा वाढेल. तेवढ्यासाठी त्यानं दुकान आधीच वाढवून ठेवलं होतं. शाळेतले मास्तर म्हणाले की भविष्यात कधी आवाज झालाच तर वर्गाच्या काचांचं काय? आणि घाईघाईनं जोडलं, सध्याच्या काचा आपोआप तडकल्यात, त्याचा यात संबंध नाही. लेखनिक सगळं सुरेख अक्षरात उतरवत होता.

शेजारीण उठली तेव्हा मॅनेजरनं मान वळवून पाहिलं. हिचं नाव त्याच्या यादीत नसावं.

"मला त्या चटईचं विचारायचं होतं," ती म्हणाली. "दादा ज्या बाथरूममध्ये घसरले ना, तिथं आता माझा नवरा जातो. रोज. सकाळपासून संध्याकाळपर्यंत."

कुणी हसलं नाही. हसण्यासारखंच होतं, पण नाही हसलं.

"तिथली एक भिंत पडली. तिच्या शेजारची तशीच कललीय. नवरा म्हणतो, बोट घातलं तर भेगेत जातं. तर मला एवढंच विचारायचंय," तिनं पदर बोटाला गुंडाळला, "चटई टाकल्यावर भिंत थांबते का?"

सल्लागारानं हातातल्या चटईकडं पाहिलं. मग मॅनेजरकडं. मॅनेजर उठून म्हणाला, "बाईंच्या घरगुती अडचणीची नोंद घेतली आहे," आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "आता आपले ज्येष्ठ स्थानिक रहिवासी दोन शब्द बोलतील."

दादा कुबड्यांवर उठला. माइकपर्यंत जायला त्याला वेळ लागला. पण शेजारणीजवळून जाताना त्याची मान खालीच राहिली, आणि ते धाकटीला मंचावरून दिसलं.

"प्रकल्प आला पाहिजे," दादा म्हणाला. "आम्हाला..."

भोंगा झाला.

मॅनेजरनं आज सगळं बंद ठेवायला सांगितलं होतं, असं तो नंतर शपथेवर सांगत होता. पण सुरुंगाची भोकं आदल्या दिवशीच भरून ठेवलेली. भरलेली भोकं अशी सोडून देता येत नाहीत. आणि सुनावणीचं आमंत्रण सगळ्यांना गेलं होतं, एका खाणीला सोडून.

भोंगा झाला की काय करायचं, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. दोन्ही कानांवर हात आणि तोंड उघडं, म्हणजे दणका आतून बाहेर जातो, पडदे फाटत नाहीत. कामावरची माणसं ते घरी घेऊन आली आणि घरातून ते सगळ्या गावात पसरलं. आताही विचार करायला कुणाला वेळ मिळाला नाही. वाण्यानं कान झाकले, आ वासला. मास्तरांनी वासला. बायकांनी वासला. डॉक्टरांनी वासला. पहिल्या रांगेत मॅनेजरनं, कोऱ्या जाकिटाचे हात वर करून, सगळ्यांत मोठा आ वासला. सल्लागार तेवढा बाहेरगावचा. तो चटई हातात धरून इकडंतिकडं पाहत राहिला. अख्खं सभागृह तोंड उघडून बसलं होतं आणि बोलत मात्र कुणी नव्हतं.

धाकटीच्या लक्षात आलं, आपलंही तोंड उघडंच आहे.

दणका आला. खुर्च्या जमिनीवरून सरकल्यासारख्या झाल्या. पंख्यावरची धूळ हिरव्या कापडावर सांडली आणि लेखनिकाचं झाड पुसलं गेलं. दादाचे हात कुबड्यांत अडकलेले, त्याला कान झाकता आले नव्हते. तो नुसता तोंड उघडून उभा होता, आणि पाहत होता तो शेजारणीकडं.

कारण अजून एक भोंगा व्हायचा असतो. सुरुंगानंतरचा, लांबलचक. सगळे ठीक आहेत, पुन्हा कामाला लागा, असं सांगणारा. तो लगेच होतो. आज झाला नाही.

हात कानांवरून खाली आले. कुणी उठलं नाही. शेजारीण खिडकीकडं तोंड करून बसली होती, मानेची शीर ताठ. वहिनीनं तिचा हात कधी धरला ते कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या हातात फडकं होतं, ते ती घरून तसंच घेऊन आली होती. मॅनेजर घड्याळ बघायला लागला आणि आपण काय बघतोय हे ध्यानात येऊन त्यानं बाही खाली ओढली. नसलेल्या खाणीच्या नसलेल्या भोंग्याची वाट सगळं गाव श्वास रोखून पाहत होतं, आणि श्वास रोखलाय हेही कुणाला दाखवायचं नव्हतं.

मग तो झाला. लांब, केविलवाणा, नेहमीसारखा.

शेजारीण खाली वाकली आणि तिनं कपाळ गुडघ्यांना टेकवलं.

"ढग गडगडले वाटतं," मॅनेजर म्हणाला. बाहेर ऊन असं पडलं होतं की खिडकीच्या गजांच्या सावल्या फरशीवर कापून काढता आल्या असत्या.

"रस्त्याचं काम असेल," सल्लागारानं मदत केली.

लेखनिक धाकटीच्या कानाशी लागला. "मॅडम, काय लिहू? ढग की रस्ता?"

धाकटीच्या डोळ्यांसमोर एक पट्टी होती, दवाखान्यातल्या डॉक्टरनं दाखवली होती तशी, बारीक भोकांची. हिनं तोंड उघडलं की ती गेली. वहिनी वर्षभर फडकी पिळेल आणि एक शब्द टाकून बोलणार नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागेल. आणि नाही उघडलं तर? तर दुसरं कुणीतरी दुसरी भिंत घेऊन दवाखान्यात जाईल, वाटेत तेच वाक्य पाठ करेल, आणि हिच्याकडं फाइल येईल ती चटयांची संख्या वाढवून.

तिनं माइक जवळ ओढला. त्यावरही धूळ होती. ती तिनं तळहातानं पुसली.

मागच्या रांगेत वहिनीनं मान हलवली. नको. अगदी थोडी हलवली, पण धाकटीला ती मान चांगली ओळखीची होती. मग वहिनीनं शेजारी पाहिलं, गुडघ्यांत डोकं घातलेल्या पोरीकडं. आणि मान हलायची थांबली.

"लिहून घ्या," धाकटी लेखनिकाला म्हणाली. "अध्यक्षांनी रहिवाशाला प्रश्न विचारला."

"कोणता, मॅडम?"

तिनं समोर पाहिलं. माइकशी दादा उभा होता, एका पायावर, इस्त्रीच्या शर्टात, एका गालावर वस्तऱ्याची बारीक खूण. तो तिच्याकडं असा बघत होता, जणू फुटलेली बशी अजून दोघांच्या मध्ये पडलेली आहे आणि आई नुकतीच खोलीतून गेलीय.

"दादा," ती म्हणाली, "पाय कुठं मोडला रे?"

मॅनेजर अर्धा उठला. दादानं त्याच्याकडं पाहिलं नाही. मांजर शोधल्यासारखा त्याचा चेहरा क्षणभर झाला, आणि मग मोकळा झाला.

"खाणीत मोडला, धाकटे," दादा म्हणाला. "ही काय, आत्ता वाजली ना, तिच्यात."